साध्या कपड्यांतील माजी सैनिकाने तिरंग्याला सलामी कशी द्यावी? नियम, रिवाज आणि आपली जबाबदारी

बोईसरच्या एका वस्तीतील बुद्ध विहारासमोर गेल्या स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झाले. त्या कार्यक्रमाला आम्ही उपस्थित होतो. पहिल्या रांगेत महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक काका उभे होते. पांढरा सदरा, साधी पॅन्ट, डोक्यावर काही नाही. ध्वज वर गेला, आजूबाजूच्या पोरांनी कडक सॅल्यूट ठोकला. काका मात्र दोन्ही हात पॅन्टच्या शिवणीला लावून, मान ताठ ठेवून सावधान उभे राहिले. संध्याकाळी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ आला आणि खाली कुणीतरी लिहिले, "फौजी म्हणवतात आणि झेंड्याला सॅल्यूट नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना भेटलो. ते रागावले नव्हते, पण मनाला लागले होते. ते म्हणाले, "पोरांनो, सॅल्यूट वर्दीचा असतो. डोक्यावर टोपी नाही, अंगावर वर्दी नाही, तर फौजी सावधान उभा राहतो. आम्हाला हेच शिकवलंय."

काका बरोबर होते. ग्रुपवर लिहिणाऱ्याला नियम माहीत नव्हता, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकीही अनेकांना तो नीट माहीत नव्हता. म्हणून हा लेख. पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील आपल्या कार्यकर्त्यांनी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे किंवा २६ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाआधी तो वाचावा, आपल्या मंडळात वाचून दाखवावा.

थोडक्यात उत्तर

भारतात नियम साधा आहे. ध्वज चढवताना किंवा उतरवताना सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहायचे. जे गणवेशात आहेत त्यांनी सॅल्यूट करायचा. माजी सैनिकांसाठी वेगळा नियम ध्वजसंहितेत नाही. म्हणजे साध्या कपड्यांतील माजी सैनिक सावधान उभा राहिला तर त्याने नियम पूर्ण पाळला. त्याने भावनेने सॅल्यूट केला, तरी तो गुन्हा नाही. दोन्हीपैकी कशावरूनही त्याच्या देशप्रेमाची परीक्षा घेण्याचा अधिकार कुणाला नाही.

ध्वजसंहिता काय सांगते

'भारतीय ध्वजसंहिता, २००२' ही २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. तिचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात ध्वजाचे वर्णन, दुसऱ्यात सामान्य नागरिक, खाजगी संस्था आणि शाळा यांच्यासाठीचे नियम आणि तिसऱ्यात सरकारी यंत्रणांसाठीचे नियम आहेत. सलामीचा नियम तिसऱ्या भागातील सहाव्या प्रकरणात येतो. त्याचा आशय असा:

१. ध्वज चढवताना, उतरवताना किंवा संचलनात ध्वज समोरून जात असताना उपस्थित सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहावे.

२. गणवेशात असणाऱ्यांनी योग्य ती सलामी द्यावी.

३. ध्वज चालत्या तुकडीबरोबर असेल, तर तो आपल्यासमोरून जाईल तेव्हा उपस्थितांनी सावधान उभे राहावे किंवा सॅल्यूट करावा.

४. मानवंदना स्वीकारणारी मान्यवर व्यक्ती डोक्यावर टोपी नसतानाही ती स्वीकारू शकते.

छातीवर हात ठेवण्याचा उल्लेख यात कुठेही नाही. ती अमेरिकेतील पद्धत आहे, चित्रपटांतून आणि क्रिकेट-फुटबॉलच्या सामन्यांतून आपल्याकडे आली. तसेच चप्पल-बूट काढण्याची सक्तीही संहितेत नाही. विहाराच्या आवारात आपण पादत्राणे काढतो तो आपला रिवाज आहे, ध्वजाचा नियम नाही. ध्वजस्तंभ आवाराबाहेर असेल तर बूट घालून आलेल्या माजी सैनिकाला अडवू नये.

राष्ट्रगीताच्या वेळी

'जन गण मन' हे २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात, पहिल्या व शेवटच्या ओळीच्या संक्षिप्त रूपाला साधारण २० सेकंद. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशानुसार राष्ट्रगीत गायले किंवा वाजवले जात असताना श्रोत्यांनी सावधान उभे राहायचे. बातमीपट किंवा माहितीपटाचा भाग म्हणून ते वाजले तर उभे राहण्याची अपेक्षा नाही.

'राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक अधिनियम, १९७१' या कायद्याच्या कलम ३ नुसार राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अडथळा आणणे किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सॅल्यूट न करणे हा गुन्हा असल्याचे या कायद्यात म्हटलेले नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटल्यातील निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहिल्यावर केवळ गायले नाही म्हणून अवमान होत नाही, असे न्यायालयाने मानले. जिथे न गाणे हाही अवमान ठरत नाही, तिथे सावधान उभ्या असलेल्या माजी सैनिकाचा हात वर गेला नाही म्हणून गहजब करण्यात काय अर्थ आहे?

चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचे करणारा ३० नोव्हेंबर २०१६ चा अंतरिम आदेश न्यायालयानेच ९ जानेवारी २०१८ रोजी बदलून ते वाजवणे ऐच्छिक केले. दिव्यांग व्यक्तींना उभे राहण्यातून दिलेली सूट तेव्हाही कायम ठेवली. युद्धात किंवा अपघातात पाय गमावलेला माजी सैनिक खुर्चीत बसून, पाठ ताठ ठेवून आदर व्यक्त करत असेल तर त्याला उठवण्याचा प्रयत्न करू नये.

फौजेची शिस्त: वर्दी आणि टोपी

सैन्यात सॅल्यूटचा संबंध वर्दी आणि शिरस्त्राण यांच्याशी आहे. बॅरे, पगडी किंवा पीक कॅप डोक्यावर असेल तर हाताने सॅल्यूट, डोके उघडे असेल तर सावधान. साध्या कपड्यांत वरिष्ठ भेटले तरी जवान सावधान होऊन 'जय हिंद' म्हणतो. ही सवय निवृत्तीनंतरही अंगात राहते. त्यामुळे बोईसरचे काका जेव्हा हात न उचलता उभे राहिले, तेव्हा ते फौजेचीच शिस्त पाळत होते.

सॅल्यूटची पद्धतही तिन्ही दलांत वेगळी आहे. लष्करात तळवा समोर उघडा दिसतो. नौदलात तळवा जमिनीकडे असतो. हवाई दलात २००६ पासून तळवा जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात ठेवतात. त्यामुळे नौदलातील एखाद्या काकांचा हात वेगळा दिसला तर "सॅल्यूट चुकला" असे म्हणून हसू नये.

कोणत्या परिस्थितीत काय करावे

*साधे कपडे, डोके उघडे:* ध्वजाकडे तोंड, टाचा जुळलेल्या, हात सरळ खाली, सावधान. हेच योग्य.

*साधे कपडे, पण रेजिमेंटची बॅरे आणि पदके:* माजी सैनिक दिन (१४ जानेवारी), प्रजासत्ताक दिन, स्मारकांवरील मानवंदना अशा प्रसंगी अनेक माजी सैनिक ब्लेझर किंवा साध्या शर्टावर पदके आणि डोक्यावर बॅरे घालून येतात व सॅल्यूट करतात. हा रूढ रिवाज आहे. स्वतः मिळवलेली पदके डाव्या छातीवर लावतात. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांना श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात त्याची पदके उजव्या छातीवर लावण्याची मुभा लष्कराने दिली आहे. वीरमातेच्या उजव्या बाजूला पदके दिसली तर ती चुकून लावलेली नाहीत, हे कार्यकर्त्यांनी जाणावे.

*सुरक्षारक्षकाची वर्दी:* तारापूर एमआयडीसीतील कारखान्यांच्या गेटवर अनेक माजी सैनिक सुरक्षारक्षक किंवा सुपरवायझर म्हणून काम करतात. कंपनीच्या झेंडावंदनाला ते गणवेशात असतात, म्हणून त्यांनी सॅल्यूट करणे योग्यच. मात्र खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार खाजगी रक्षकाने लष्कर, नौदल, हवाई दल किंवा पोलिसांच्या वर्दीसारखा पोशाख घालणे गुन्हा आहे आणि त्यात एजन्सीचा मालकही अडकतो. जुना रेजिमेंटचा बिल्ला किंवा पट्टी कंपनीच्या गणवेशावर लावू नये.

*समता सैनिक दल, स्काऊट, एनसीसी:* संहितेत 'गणवेशात असणारे' एवढेच म्हटले आहे, गणवेशांची यादी दिलेली नाही. त्यामुळे पूर्ण गणवेशातील समता सैनिक दलाच्या सैनिकांनी आपल्या कमांडरच्या आदेशावर एकत्र सलामी द्यावी. नुसती निळी टोपी किंवा टी-शर्ट घातलेल्या स्वयंसेवकांनी सावधान उभे राहावे, असे आमचे मत आहे. अर्धे हात वर आणि अर्धे खाली, ही बेशिस्त त्यामुळे टळेल.

*लष्करी कपड्यांची हौस:* जो सैनिक नाही त्याने, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने वर्दी किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार (पूर्वीचे भादंवि १४०) गुन्हा आहे. कार्यक्रमात देखावा करताना तरुणांनी हे भान ठेवावे.

२०१५ चा धडा

२६ जानेवारी २०१५ रोजी दिल्लीतील संचलनात राष्ट्रपती सलामी स्वीकारत असताना तत्कालीन उपराष्ट्रपती हामिद अन्सारी सावधान उभे होते. पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री हात उचलून सलामी देताना दिसले. लगेच अन्सारी यांच्यावर समाजमाध्यमांतून टीकेची झोड उठली आणि त्यांचा धर्म काढला गेला. उपराष्ट्रपती कार्यालयाला खुलासा करावा लागला की, सर्वोच्च सेनापती या नात्याने राष्ट्रपती सलामी घेत असताना गणवेशातील व्यक्ती सॅल्यूट करतात आणि इतर सावधान उभे राहतात. नियमानुसार उपराष्ट्रपतीच बरोबर होते.

हा प्रसंग आपण विसरू नये. नियम माहीत नसलेला जमाव सर्वांत आधी अल्पसंख्याक आणि वंचित समाजातील माणसाकडे बोट दाखवतो. उद्या ते बोट आपल्याकडे वळू शकते. आणि बोईसरच्या ग्रुपवर तर ते आपल्याच पोराने आपल्याच काकांकडे दाखवले होते.

अमेरिकेने काय केले

अमेरिकेतही पूर्वी गणवेशाबाहेरील माजी सैनिक इतर नागरिकांप्रमाणे छातीवर हात ठेवत असत. तिथे २००८ मध्ये दोन टप्प्यांत कायदा बदलला. आधी ध्वज चढवताना, उतरवताना किंवा समोरून जाताना, आणि नंतर राष्ट्रगीताच्या वेळीही, साध्या कपड्यांतील माजी सैनिकांना लष्करी सॅल्यूट करण्याची मुभा मिळाली. ती मुभा आहे, सक्ती नाही. इंटरनेटवर फिरणारे "माजी सैनिकांनी सॅल्यूट करावा" असे संदेश पुष्कळदा या अमेरिकी कायद्यावर आधारलेले असतात. ते भारताचा नियम म्हणून पुढे पाठवू नयेत.

विहारात झेंडावंदन करताना

आपल्या विहारांसमोर पंचशील ध्वज आणि निळा ध्वज असतोच. तिरंगा लावताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

एकाच काठीवर तिरंगा आणि दुसरा कोणताही ध्वज लावू नये. दुसरा ध्वज तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी नसावा. पंचशील ध्वजाचा खांब कायमचा उंच असेल, तर तिरंग्यासाठी जागा वेगळी निवडावी किंवा त्या दिवसापुरता पंचशील ध्वज आदराने उतरवून ठेवावा. यात धम्माचा अपमान नाही. ध्वजस्तंभावर हार, फुले किंवा बोधचिन्ह लावू नये. ध्वज फडकवण्याआधी त्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. ध्वजावर मंडळाचे नाव किंवा 'जय भीम' लिहू नये, कारण ध्वजावर कोणताही मजकूर लिहिणे १९७१ च्या कायद्यात अवमान ठरते. केशरी पट्टा नेहमी वर. २०२१ च्या अखेरच्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनवलेला ध्वजही चालतो. जुलै २०२२ पासून नागरिकांना घरावर तो रात्रंदिवस फडकवता येतो.

रचनेसाठी संहितेतील शाळांचा नमुना सोयीचा आहे. तीन बाजूंना रांगा, चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ आणि ध्वज फडकवणारी व्यक्ती स्तंभापासून तीन पावले मागे. आदेश एकानेच द्यावेत. आधी ध्वजाला सलामी, मग राष्ट्रगीत. त्यानंतर त्रिशरण-पंचशील आणि संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन घ्यावे. आदेश देण्याचे काम वस्तीतील माजी सैनिकाला द्यावे, असे आम्ही सुचवतो. त्यांच्या आवाजात कवायत आहे.

अंत्यविधीत तिरंगा: इथे चूक महागात पडते

सेवानिवृत्त सैनिकाचे निधन झाले की घरचे किंवा मित्रमंडळी प्रेमापोटी पार्थिवावर तिरंगा पांघरतात. हे करू नये. शासकीय इतमाम, सशस्त्र दले किंवा निमलष्करी दलांचा अंत्यविधी सोडून ध्वज कशावरही पांघरणे १९७१ च्या कायद्याने अवमान ठरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील पिलिभीत जिल्ह्यात शेतकरी आंदोलनात गेलेल्या एका शेतकऱ्याच्या पार्थिवावर तिरंगा पांघरल्यामुळे दुःखात असलेल्या कुटुंबावरच गुन्हा नोंदवला गेला. आपल्या एखाद्या आईवर ही वेळ येऊ नये.

निधन झाल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि स्थानिक माजी सैनिक संघटनेला कळवावे. लष्करी मानवंदना मिळणार असेल तर ध्वजाची जबाबदारी तेच घेतात. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात आणि अग्नी देण्यापूर्वी किंवा दफनापूर्वी ध्वज काढून घेतात. तशी मानवंदना नसेल तर फोटोजवळ बॅरे आणि पदके ठेवावीत. सोबतचे माजी सैनिक बॅरे घालून अखेरचा सॅल्यूट करतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हा विषय आपला का आहे

सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात बाबासाहेबांचा जन्म झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून समाजाने अर्जविनंत्या केल्या आणि बाबासाहेबांनी पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील २५ नोव्हेंबर १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

ध्वजही आपल्याला परका नाही. जून १९४७ मध्ये राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ध्वज समितीत बाबासाहेब सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या तिरंग्याच्या मध्यभागी २४ आऱ्यांचे अशोकचक्र आले. त्याच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आपल्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्यात १८८२ मध्ये मिळाला. आणि पालघरच्या मातीत १४ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्रजांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगावर वर्दी नव्हती.

बोईसरच्या त्या ग्रुपवर आम्ही ध्वजसंहितेतील सलामीचा नियम टाकला. टीका करणाऱ्या मुलाने काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. काकांनी त्याला चहा पाजला आणि विचारले, "सावधान कसं उभं राहायचं, ठाऊक आहे का?" पुढच्या रविवारी विहारासमोर पंधरा-वीस मुले रांगेत उभी होती आणि काका त्यांच्या टाचा जुळवून घेत होते.

आपल्या वस्तीतही असे एखादे काका असतील. येत्या झेंडावंदनाआधी त्यांना भेटा, त्यांच्याकडून सावधान उभे राहायला शिका, आणि ध्वजाची दोरी ओढण्याचा मान त्यांना द्या.

जय भीम! जय भारत! जय संविधान!